खालची बाजू

बाबा तोलमाप खात्यात होते.
खंडेराव मार्केटात त्यांची सायकल शिरली
की भाजीवाल्यांचे काटे सरळ उभे राहत,
शाळेत दिपोटी आल्यासारखे.

लोखंडी वजनाच्या पोटात भोक असतं,
त्यात शिसं ओतलेलं, शिशावर ठसा,
हे मला अक्षरओळखीच्या आधी ठाऊक.
शिसं कोरायचं, आत मेण भरायचं,
वरून काजळी फासायची,
किलोमागे साठ ग्रॅम रोज घरी न्यायचे.
मगनलाल धान्यवाल्यानं तसंच केलेलं.
गल्ल्यावर अंबाजीचा फोटो, ताजा हार.
म्हणाला, "साहेब, उपरवाळो बधुं जुए छे."
बाबांनी वजन उलटं केलं.
"बघू दे. मी फक्त खालचं बघतो."

ही गोष्ट ते लोकांना सांगायचं टाळत.
लोक हसत, आणि हसून चुकीच्या जागी थांबत.
सांगितलीच, तर लगेच मंछाबेनची जोडत:
पहाटे रणछोडजीला जाऊन मगच टोपली उघडणारी,
पारडं कायम गिऱ्हाइकाकडे नमतं,
आणि वर दोन मिरच्या.
"त्या मिरच्या कुठल्या कायद्यात बसतात, सांग."

आई सोळा सोमवार करायची.
बाबा देवळाबाहेर चपला सांभाळत उभे,
तिच्याच नाही, कोणाच्याही.
घरातल्या देवांशी त्यांचं भांडण नव्हतं,
ओळखच नव्हती.

सुरसागरच्या कठड्यावर सेव-उसळ खाताना
एकदा मी विचारलं, सतराची असेन,
वर कोणीच नसेल
तर खोटं वजन खोटं का?
त्यांनी आधी घास संपवला.
"किलो काही आभाळातून पडला नाही.
माणसांनी बसून ठरवला.
म्हणून काय मंगळवारी तो आठशे ग्रॅमचा होतो?"
मग बराच वेळ पाण्याकडे बघत होते.
"झिजतो मात्र. चांगल्या हातांनीसुद्धा झिजतो.
दर दोन वर्षांनी तपासावा लागतो.
ज्याच्या हातात ठसा, त्याचाही."

मला तेव्हा पटलं होतं असं नाही.
दिवाळीत आलेला काजूचा डबा
त्यांनी तसाच परत पाठवला,
त्या काजूंबद्दल मी त्यांना अजून
पुरतं माफ केलेलं नाही.

फाल्गुनात गेले.
मेडिकल कॉलेजचा देहदानाचा अर्ज
स्वतःच्या अक्षरात भरून ठेवलेला,
फक्त वजनाचा रकाना मोकळा.
आईनं विचारलं, गंगाजल घालू का थोडं?
घाल म्हटलं. त्यांनी हरकत घेतली नसती,
आणि तहान तिची होती.

कॉलेजात त्यांना काट्यावर ठेवलं.
"बावन्न," तिथला माणूस म्हणाला.
मी वाकले, सवयीनं.
ठशावर तीन वर्षांपूर्वीचं साल.
"बेन, आता किलोभर इकडेतिकडे,
कोणाला फरक पडतो?"

खरंच होतं त्याचं.
वर कोणी नव्हतं.
चादरीत तेही नव्हते.
रकाना पुन्हा कोणी वाचणार नव्हतं.
मी पेन उचललं नाही.

तो कुरकुरत गेला, दुसरा काटा घेऊन आला,
फरशीवरचं पाणी पायानंच पुसलं,
काटा ठेवला, शून्यावर आणला,
मला दाखवला.

एकावन्न किलो सहाशे.
लिहिलं. सही केली.