तिसऱ्या अंकातले ठोके

वडस्याहून सुटते आमची गाडी,
आज सिंदेवाहीकडे, उद्या आणखी कुठे.
दिवाळी ते होळी, एवढाच हंगाम.
धान निघालेल्या बांधीत मंडप,
खाली तणीस, वर थंडी,
आणि विंगेत मी, टॉर्च नि वही घेऊन.
प्रॉम्प्टर. लोक मास्तर म्हणतात.

हिरामण गुरनुले एकवीस वर्षं
रोज पहाटे चारच्या सुमारास मरतो.
कधी विषानं, कधी सुनेच्या बोलण्यानं,
एका नाटकात तर नुसत्या तारेनं.
औंदा त्याच्या मनगटावर काळा पट्टा आला.
रोशनीनं पाठवला. ती नागपुरात नर्स.
ठोके मोजतो, पावलं मोजतो, झोप मोजतो,
आणि सगळं तिच्या फोनात नेऊन ओततो
चहाडखोर चुलत्यासारखा.

पहिल्या आठवड्यात फजितीच झाली.
बाप मरून पडलेला,
सून पाय धरून रडतेय,
ऑर्गनवाल्यानं सूर ताणून धरलेला,
आणि छातीवरच्या हाताला थरथर, हिरवा उजेड:
शाबास! दहा हजार पावलं पूर्ण.
पुढच्या तणसावरून एक पोरगं ओरडलं,
"अबे, मेलेल्याच्या हाताले लाइट लागला!"
मंडप हसला. मढ्याचं पोटही हललं.
मालकानं नाइटमधून दोनशे कापले.

रोज सकाळी पट्टा सांगायचा, झोप शून्य.
दिवसा मागच्या सीटवर
तबल्याच्या खोळीवर डोकं टेकून झोपणारी माणसं
त्याच्या हिशेबात बसत नव्हती.
हिरामण त्याला समजावायचा,
"बाबू, मी रातपाळीचा मानूस आहो."

पण खोटं कशाला बोलू.
जानेवारीत, नागभीड मागं टाकल्यावर,
तो घोरत असताना रोशनीचा फोन.
"काका, बाबांना उठवा.
झोपलेल्या माणसाचे एकशे अडतीस कसे?"
गाडी उलटी ब्रह्मपुरीला.
डॉक्टरनं कागदाची लांब पट्टी पाहिली,
मग हिरामणला, मग त्याच्या मनगटाला,
आणि म्हणाला, वेळेवर आणलं.
त्या रात्री बाप मेला नाही.
तिकिटाचे पैसे परत करावे लागले.

गोळ्या सुरू झाल्या, आणि मोजणी.
आता संवादाआधी तो मनगट बघतो.
एकशे दहाच्या वर गेलं की आवाज खाली घेतो.
विषसुद्धा बेतानं पितो.
पूर्वी तो थांबला की मला कळायचं,
शब्द सुटलाय, द्यायला हवा.
आता थांबतो तेव्हा
सुटलेलं काही वहीत नसतंच.
पदराचा बोळा तोंडात कोंबणाऱ्या बाया
हल्ली तिसऱ्या अंकात शेंगा फोडतात.
मी काही बोललो नाही.
गोळ्यांचं पाकीट माझ्याच पिशवीत असतं.

काल पळसगावला हंगामातला शेवटचा प्रयोग.
तिसऱ्या अंकाआधी तो विंगेत आला,
पट्टा सोडला, माझ्या हाताला बांधला.
"अर्धा घंटा तुमी मोजा, मास्तर.
मी मरून येतो."

मी नको म्हणायला हवं होतं.
पडदा वर गेला होता.

मग पान उलटायचं राहून गेलं.
तो जे बोलत होता
ते तसंही वहीत नव्हतं.
लेकीला हाक मारली त्यानं. नाटकात लेक नाही.
ऑर्गनवाल्याचे हात वरच राहिले.
समोर एक शेंग फुटली नाही.
तो कोसळला तेव्हा
मी अर्धा उठलो होतो, टॉर्च खाली पडलेला,
मनगटावर काहीतरी थरथरत होतं
आणि मी बघत होतो ते फक्त
त्याची छाती हलते का.

सकाळी सातला, गाडीत, फोन.
"बाबा, पहाटे चारला एकशे एकोणतीस?
काय झालं होतं?"
हिरामणच्या गालावर अजून अर्धा रंग.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
"मास्तरले विचार," म्हणाला,
फोन माझ्या हातात दिला,
आणि तबल्याच्या खोळीवर डोकं टेकून
झोपला.
पट्टा अजून माझ्याच हाताला होता.