चिठ्ठी विचारून

गोपी टँक मार्केटच्या मागच्या बोळात माझं झेरॉक्सचं दुकान.
त्याला चिकटून पाच बाय सहाची जागा,
ती दिवाळीनंतर जमीर शिकलगारनं घेतली.
तासगावहून आणलेली मोटर, दोन सहाणा, एक स्टूल,
आणि फलक : इथे धार लावून मिळेल.

फलक वाचून कोण येतंय?
धारवाला सायकलवरून येतो, खालून हाक मारतो,
वर पोरांना ठिणग्या फुकट दाखवतो.
ह्याची मोटर नुसती घरघरायची
आणि माझी ट्यूबलाइट थरथरायची.

आठव्या दिवशी म्हणाला,
"मॅडम, एक पँप्लेट टाइप करून द्या.
आता धंद्याला स्टोरी लागती म्हणं."
सांग की.
"आमच्या पणज्यानं सरदारांच्या तलवारींना धार लावली."
खरंच?
"काय म्हाईत. लावली असंल."

पन्नास प्रती काढल्या.
निम्म्यांत त्याच दिवशी मांदेली बांधली गेली.

पण दुपारी गिऱ्हाईक नसताना
तो सुरी उजेडात धरायचा, एक डोळा मिटून,
पात्यावर अंगठा आडवा फिरवायचा
आणि स्वतःशीच पुटपुटायचा :
बाई नारळ फोडती हिच्या पाठीनं.
टोक मोडलंय ते डबा उघडताना.
माझ्या मशीनचा हिरवा उजेड भिंतीवरून सरकत होता,
मी तशीच उभी.
म्हटलं, अरे, हे लिही ना. तलवार राहू दे.

त्याचं अक्षर कोंबडीचं. मग मीच लिहू लागले,
बिघडलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर,
कुणाचं रेशन कार्ड, कुणाचं हॉल तिकीट.

*तुमच्या सुरीला आंबटाचं वावडं आहे. कैरी चिरली की लगेच पुसा.*

*ह्या कात्रीनं कुणीतरी पुठ्ठा कापलाय. घरात पोर आहे. ओरडू नका, त्याला वेगळी कात्री आणा.*

टेलर मोरजकर हसत परत आले :
"कात्री माझी, पोर शेजाऱ्याचं!"
आणि जाताना आणखी दोन कात्र्या ठेवून गेले.

मग माणसं यायला लागली,
धारेसाठी थोडी, चिठ्ठीसाठी जास्त.
हिराबाई वैती तर तीन कोयते आणायची,
त्यातल्या दोघांना धार असायचीच.
"वाच गो, माज्या कोयत्यानं काय चुगली केली?"
सायकलवाला एकदा लांब उभा राहून बघून गेला.

शीतलादेवीकडून एक बाई आल्या.
वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरी, लाकडी मूठ.
जमीरनं ती बराच वेळ धरली.
मग सांगितलं, मी लिहिलं :
*वीसेक वर्षं ही उजव्या हातानं झिजली. अलीकडं डाव्या हातात गेलीय. नव्या हाताला वेळ लागतो.*
मी पेन उचललं. देऊ हे?
"खरं हाय ते," तो म्हणाला.

बाईंनी उभ्याउभ्या वाचलं.
चष्मा काढला, पुन्हा घातला.
सुटे मोजून दिले, चिठ्ठीची बारीक घडी घातली,
सुरी विसरून निघाल्या, मी हाक मारली.

संध्याकाळी शटर ओढताना त्यानं विचारलं,
"चुकलं काय माझं?"
मला सांगता येईना.
जाहिरात मीच सुचवली होती.

दुसऱ्या दिवशी फलकाखाली खडूनं लिहिलेलं,
कोंबडीच्याच अक्षरात :
धार चाळीस रुपये. चिठ्ठी विचारून.

काल त्या बाई परत आल्या. ह्या खेपेला विळी.
"चिठ्ठी नको," म्हणाल्या, आणि स्टुलावर बसल्या.
"ते सुरमई फार पातळ कापायचे.
मी म्हणायची, अहो, तव्यावर दिसणार तरी आहे का ती..."

जमीरनं मोटर बंद केली.
माझी ट्यूबलाइट थरथरायची थांबली.
मागं हिराबाई, हातात कोयता,
पहिल्यांदाच गप्प.