मागचं डावं चाक

तीन चाकांखाली बर्फ जसाच्या तसा.
मागच्या डाव्या चाकाभोवती मात्र
ताटाएवढं काळं, ओलं डांबर
आणि करपल्याचा वास.
मी हात जवळ नेला, टेकवला नाही.
उणे एकवीसमध्ये
ते एकटंच तापून बसलं होतं.

गाडी एक, मालक दोन.
थोरला अर्मास, चाळीस वर्षं केमीच्या बंदरात टगबोटीवर.
उभी केलेली वस्तू बांधून ठेवावी, हे त्याचं शास्त्र.
हँडब्रेक ओढतो तो, पाच कटकट ऐकू येईपर्यंत.
धाकटा तौनो, जंगलातून ओंडके वाहणारा.
त्याच्या मते हिवाळ्यात हँडब्रेकला हात लावणारा माणूस
एक तर दक्षिणेकडचा, नाहीतर मूर्ख.
बुधवारपर्यंत गाडी थोरल्याची,
गुरुवारपासून धाकट्याची.
किल्ली दाराशी, खिळ्यावर.

अकरा वर्षं एका छपराखाली
आणि बोलणं बंद.
कशावरून, ते गावात कुणाला धड सांगता येत नाही.
होडीवरून म्हणतात.
माझी आई म्हणायची, शिवणयंत्रावरून.
जे काय म्हणायचं ते त्या दांड्यातून:
वर दिसला की तौनो खाली आपटतो,
खाली दिसला की अर्मास ओढतो दात-ओठ खाऊन.

त्या दिवशी दोघंही आले.
वार्षिक तपासणीत गाडी नापास,
दोन चाकांच्या ब्रेकमध्ये जमीन-अस्मानाचा फरक.
दोघंही माझ्याकडेच बघत होते,
निकाल मी द्यावा म्हणून.

मी जॅक लावला.
केबलचं कातडं फाटलेलं, आत पाणी,
पाण्याचा बर्फ, बर्फाचा गंज.
सुंभ जळतो आणि पीळ राहतो म्हणतात,
इथे सुंभाचाच पीळ झाला होता.
कॅलिपरची कळ अर्ध्यावर अडकलेली,
ना ओढलेली ना सोडलेली.
सरकखिळे तेल पाजून रात्रभर ठेवले,
सकाळी हातोडीने विचारलं,
मग आगीने.
एक सुटला. दुसऱ्याने माझ्या अंगठ्याचं नख घेतलं.

पिस्टन ढकलून आत जात नाही या जातीचा.
नवी पोरं शिकंजा लावून पिळत बसतात आणि मोडतात.
त्याला फिरवावं लागतं,
थोडा दाब, थोडा वळसा,
पुन्हा थोडा.
राइली, हे किती वेळ? अर्मासने विचारलं.
लागेल तेवढा, मी म्हटलं.

चूक कुणाची, ते मी सांगितलं नाही.
ओढणाऱ्याने ओढला म्हणून केबल ताणात गोठली,
न ओढणाऱ्याने ओढला नाही म्हणून कळ जागच्या जागी गंजली.
दोघांच्या वाट्याला निम्मं निम्मं यायचं,
आणि निम्म्यावर ते दोघं
कधीच राजी झाले नसते.

मग हवा काढायची वेळ.
पोऱ्या तापाने घरी.
एकाने आत बसून पेडल दाबायचं,
दुसऱ्याने चाकाशी गुडघे टेकायचे, पान्हा घेऊन.
मी हात पुसत उभी राहिले.
अर्मास आत बसला. तौनो खाली बसला.
घड्याळ चाललं, स्टोव्ह चालला.

"दाब," तौनो म्हणाला. चाकाला उद्देशून.
पेडल गेलं.
"धर."
कॉफीच्या रंगाचं तेल नळीतून आलं, बुडबुडे घेऊन.
"सोड."
पुन्हा. दाब. धर. सोड.
सातव्या वेळी आतून आवाज आला:
"धरलंय रे."
बुडबुडे संपले होते.
तौनोने आणखी चार वेळा दाबायला लावलं.

हवा ओढायचं यंत्र माझ्या कपाटात आहे.
एकटीनेही काम झालं असतं,
ते मी आजतागायत बोलले नाही.

बिल दोन पावत्यांवर, निम्मं निम्मं.

मार्चमध्ये त्यांच्या दारावरून गेले.
गाडी अंगणात, बर्फात.
काचेतून पाहिलं: दांडा खाली, गिअर पहिला,
आणि मागच्या डाव्या चाकाखाली
बर्चच्या सरपणाची एक ढलपी,
चाकाच्या गोलाईला बसेल अशी
चाकूने तासलेली.

कुणी तासली, ते विचारायला
मी थांबले नाही.