सदतीस अंशांवर

केरबा सातापा चौगुले, वय एकाहत्तर.
नळीवर मीच चिकटवलं बापाचं नाव,
परक्याचं चिकटवावं तसं, सरळ.
राजारामपुरी, पाचवी गल्ली, सकाळचे सव्वासात.
रक्त कुणाचंही असो,
ह्या तपासणीला जांभळ्या टोपणाच्या नळीत जातं
आणि आठ वेळा उलटंसुलटं होतं, हलक्या हातानं.

"लई काढलंस गं."
"दोनच मिली, आण्णा."
"तेवढ्यात आमची गोळी बघून झाली असती."

गोळी बघणं म्हणजे
वडणग्याच्या गुऱ्हाळात काहिलीतला उकळता पाक
ओल्या बोटांनी उचलायचा,
गार पाण्यात वळायचा,
बादलीच्या काठावर मारायचा आणि आवाज ऐकायचा.
चाळीस हंगाम आण्णा गुळव्या होते.
थर्मामीटरला कधी शिवले नाहीत.
टण् वाजलं की काहील उतरायची.

माझ्याकडे आवाज नाही, आकडा येतो.
नऊ पूर्णांक चार.
शंभरातल्या नऊ-साडेनऊ हिमोग्लोबिनांना
साखर चिकटलेली.
कुणी चिकटवली नाही.
एन्झाइम नाही, हुकूम नाही,
पेशीच्या कुठल्या दप्तरात तशी नोंदही नाही.
साखरेचं कडं क्षणभर उघडतं,
शेजारी प्रथिनाचा हात असतो,
धरतं.
सुरुवातीला सोडतंसुद्धा.
मग बसल्या जागी जरा कूस बदलतं
आणि मग नाहीच सोडत.

काहिलीत हे तासा-दोन तासांत होतं.
रस पिवळा, मग तांबूस,
आणि जळव्यानं चिपाडाची एक कवळ जादा सारली
तर काळा, शाहूपुरीत भाव पडलेला.
माणसात तेच सदतीस अंशांवर,
सत्तर वर्षं, न उतरवता.
मळी काढणारे असतात पेशीतही,
झारा घेऊन रात्रंदिवस उभे;
पण त्यांचेही हात थकतात,
त्यांच्या झाऱ्यालाही साखर लागते.

रक्त तरी विसरतं.
तांबडी पेशी एकशेवीस दिवसांची,
प्लीहेत मोडते, नवी येते कोरी,
म्हणून माझा आकडा जेमतेम तीन महिन्यांमागचं सांगतो.
त्याआधीचं विचारायचं तर भिंगाला विचारावं.
डोळ्याच्या भिंगाचा गाभा
आजीच्या पोटात घडला तोच राहतो,
त्यात नवं कुणी येत नाही, जुनं कुणी जात नाही.
गेल्या दिवाळीनंतर शिबिरात आण्णांचा मोतीबिंदू काढला.
डॉक्टरांनी बशीत दाखवला:
काकवीच्या रंगाचा, डाळीएवढा.
आण्णांनी चांगल्या डोळ्याजवळ धरून पाहिला.
"दोन नंबरचा माल," म्हणाले.

आणि बोटं.
कातडीखाली, सांध्यांभोवती कोलॅजनच्या दोऱ्या,
मऊ, एकमेकींवरून सरकणाऱ्या;
त्यांच्यात साखरेनं गाठी मारल्यात, सुटत नाहीत.
आण्णा हात जोडतात तेव्हा तळवे टेकतात, बोटं टेकत नाहीत.
डॉक्टरांच्या पुस्तकात ह्याला नाव आहे.
घरी आम्ही म्हणायचो, आण्णांचा नमस्कार पोकळ.
आता म्हणत नाही.

"किती निघालं?"
"नऊ चार."
"ते न्हवं. आच किती ठिवू, ते सांग."
"मंद," मी म्हणते. "एकदम मंद.
आणि रात्रीची गोळी चुकवायची नाही."
"गोळी मी कवा चुकवलीया?" म्हणून हसतात,
चपला शोधतात,
दारात वळून मशीनलाच नमस्कार करतात.
बोटांच्या फटीतून
मागच्या रस्त्यावरचं ऊन दिसतं, एक रिक्षा जाते.

काउंटरवर वर्तमानपत्राची पुडी राहिलीय.
आत गुळाचा खडा, भाच्याच्या गुऱ्हाळातला,
पोरींसाठी आणलेला.
माझं वय त्रेचाळीस.
माझी नळी मी अजून भरलेली नाही.
खडा फोडते, कोपरा जिभेवर ठेवते,
डोळे मिटून रंग ओळखायला बघते.

एक नंबर.