नोड

अर्जावर लिहिलंय : नोड, डाव्या काखेतला.
खाली दुसरा नमुना : त्वचा, दंडावरची, जखम दोन महिने जुनी.
प्रणित घरत, वय एकोणीस,
उलवे नोड, सेक्टर पाच.
एकाच कागदावर तोच शब्द दोनदा,
एक सिडकोचा, एक काखेतला.
मी दोन्ही डब्यांवर नंबर टाकले.

मेणाचे ठोकळे बर्फावर ठेवायचे,
मग पातं फिरवायचं, चार मायक्रॉन.
काप कोमट पाण्यावर तरंगते,
घावनाच्या कडेसारखी आकसते,
ब्रशच्या शेंड्याने सोडवून काचेवर घ्यायची.
अकरा वर्षं खारघरला हेच करतेय.
हात चुकत नाही. डोकं भटकतं.

दुसऱ्या गुणसूत्राचा तुकडा तुटला,
पाचव्याचाही तुटला,
आणि सांधणाऱ्याने घाईत
याचं शेपूट त्याच्या धडाला लावलं.
शाळेत संधी शिकवायचे :
दोन वर्ण शेजारी आले की
मिळून वेगळंच काही होतं.
इथे व्याकरण चुकलं असतं तर बरं होतं.
चुकलं नाही.
वाक्य सलग वाचता येतं,
पेशी ते वाचते,
परत पहिल्यापासून वाचते.

त्यातलं एक प्रथिन कष्टाळू.
केंद्रकात दिवसभर त्याची ये-जा,
एकटं कधीच नाही, कायम जोडीने.
दुसरं आईच्या पोटात असताना
मज्जातंतूंच्या कामावर होतं,
मग गप्प झालं. ग्रंथीतल्या पेशीत
त्याचं कामच नव्हतं.
आता जोडीने चालणाऱ्यांच्या पाठीवर
ही दोन मुकी तोंडं बसली,
समोरासमोर आली,
आणि एकमेकांना उठवत सुटली.
पेशीला फक्त कळतं : वाढ.

दुपारी खिडकीशी त्याची आई.
टोकन मुठीत, पदर डोक्यावर.
"कनची गाठ हाय गो बाय ही?
आमचे डोंगराला सुरुंग लावला,
कोंबडभुज्याशी उचलून हिकडं आनला,
त्या धुळीशी तर नाय ना झाला?"
मी म्हटलं, रिपोर्ट शुक्रवारी.
धुळीचं मला माहीत नाही.
कुणी हलवलं, का तुटलं,
हे काचेवर दिसत नाही, मावशी.
जे चुकीचं जोडलं गेलं
तेवढंच दिसतं.

तीनला स्लाइड सुकली.
घोड्याच्या नालांसारखी वाकलेली केंद्रकं,
आत तपकिरी, भोवती तपकिरी.
काखेत तसंच, कातडीत तसंच.
शेवडे मॅडमनी भिंगातून बघत म्हटलं,
"छान आलाय."
मग थांबून,
"म्हणजे रंग छान आलाय."
मग आणखी थांबून,
"हा आला ते बरंच. याच्यावर गोळी आहे."

रंग यावा म्हणून मी सकाळपासून
मनात काहीतरी पुटपुटत होते.
दुसऱ्याच्या मुलाच्या गाठीत
तपकिरी दिसावं म्हणून.
कुणाला सांगायची ही गोष्ट नाही.

साडेपाचला ती परत आली.
रिपोर्टसाठी नाही.
पत्ता बदलून हवा होता :
सेक्टर नको, गावाचं नाव टाक.
तसं चालत नाही, म्हटलं, आधार कार्डावर जे आहे तेच.
ती उभी राहिली.
मी पेन घेतलं, समासात लिहिलं
कोंबडभुजे, बारीक अक्षरात,
संगणकात ते जाणार नाही.

ठोकळे ड्रॉवरमध्ये ठेवले.
ते कैक वर्षं जपायचे असतात,
माणूस राहो, न राहो,
राहायला कुठेही जावो.
ड्रॉवर जरा अडकतो.
उचलून ढकलावा लागतो.