पांढरी

अल-रईच्या गोदामात व्हिनाइलच्या गुंडाळ्या उभ्या होत्या
माणसाहून उंच, खांद्याला खांदा लावून.
सागवानी, अक्रोडी, दगडाचा आव आणणाऱ्या,
एक तर हुबेहूब शेणानं सारवल्यासारखी.
तिच्यापाशी मी जरा जास्तच रेंगाळले.
मुकुंद म्हणाला, हीच घे, डाग दिसायचा नाही.
मी म्हटलं, पांढरी.

दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं.
मुलं आहेत?
दोन.
हळद वापरता?
मी हसले.
त्यानं कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला
आकड्यासकट, दयेसकट.

फरशी फोडायची नाही, असं करारात लिहिलंय.
त्यामुळे खालची तपकिरी टाइल, तिच्या फटींतलं
आधीच्या तीन कुटुंबांचं तेलतूप,
कुणाचं तरी सांडलेलं लाल नेलपॉलिश,
सगळं जागच्या जागी राहिलं
आणि वर आलं दोन मिलिमीटर जाडीचं
आमचं घर.

गुलजमान गुडघ्यांवर सरकत बसवत गेला.
भिंतीच्या कडेनं सुरी फिरवता फिरवता
त्यानं विचारलं, गोंद की नुसती टेप?
किती वर्षं राहणार?
मी स्वयंपाकघरात, मुकुंद दारात.
नऊ वर्षांपूर्वी आम्ही म्हणालो होतो, दोन.
टेप, मी म्हटलं. फक्त कडेला.
सब टेप ही बोलते हैं, भाभी, म्हणाला तो,
आणि दातांनी पट्टी तोडली.

पहिला महिना मी पोलीस होते.
लाटताना उडालेलं पीठ तेवढं दिसेना,
एरवी सगळं दिसे:
कोथिंबिरीचं पान, मैथिलीच्या पेन्सिलीचं टोक,
माझा केस, आणि तो काळा आहे याचं बरं वाटणं.
एक मुंगी,
इतक्या पांढऱ्यात जायचं कुठे म्हणून थबकलेली.
पाहुणे चपला काढून
वर स्वतःचे मोजे तपासून आत येत.

मग मार्चमध्ये तूझ आली.
खिडक्यांना चिकटपट्टी, दाराखाली ओला टॉवेल,
तरी सकाळी हॉलभर
वाळवंटानं रात्रभर पीठ चाळलेलं
आणि त्यावर ओजसची पावलं,
फ्रीजपर्यंत, आणि परत.
मी ओरडायला तोंड उघडलं.
मग काय वाटलं कोण जाणे,
शेजारी माझं पाऊल ठेवून पाहिलं.
अंगठ्याभर मोठं. त्याचं.
कधी झालं हे?
तपकिरी टाइलनं मला सांगितलंच नव्हतं.
त्या दिवशी फडकं दुपारी मारलं.

आता डाग ओळखीचे झालेत.
सोफ्यापाशी वरणाचा, खिडकीतल्या उन्हानं फिकटलेला.
फ्रीज ओढला तेव्हाची चीर.
दारातल्या रबरी पायपुसण्याखाली पिवळा चौकोन;
रबरानं होतं ते, पुसून जात नाही,
त्यावर आता तेच पायपुसणं.
दर वर्षी हारिस अश्रफ येतो,
एक कोपरा उचलून खालची टाइल बघतो. शाबूत.
आणि कोपरा थोपटून बसवतो
झोपलेल्या मुलाचं पांघरूण सारखं करावं तसा.

अण्णा करमाळ्याहून फोनवर विचारतात,
कसली गं फरशी घातलीस?
पांढरी.
ते थांबतात. त्यांच्या बोलीत पांढरी म्हणजे गाव,
जिथं घरं उभी राहतात ती माती,
नांगर न लागणारी.
राबायचं ते काळीत.
मग बरंय, ते म्हणतात,
आणि पावसाचं काही न बोलता फोन ठेवतात.

पावणेबाराला मुकुंद अहमदीहून येतो.
बूट बाहेर, मोजे बाहेर,
तरी टाचेच्या भेगांत राहतंच;
इतक्या खोलातून वर आलेलं काळं
साबणाला दाद देत नाही.
दारापासून पलंगापर्यंत
अर्धी अर्धी उमटलेली पावलं.
मी दिवा लावत नाही.

कडेची टेप सुटलीय एका जागी, मी म्हणते,
गोंद मिळतो का विचारायला हवं.
तो झोपलेला असतो.