दोन सेकंद

नळ स्टॉपला सहा बावन्नला जे तुंबलं
ते साडेआठ झाले तरी सुटेना.
भिंतीवरच्या बावीस पडद्यांपुढे उभं राहून साहेब म्हणाले,
पटवेकर, मूळ शोधा.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात.
रस्त्याचं कुणी काही सांगून ठेवलेलं नाही.

मी चित्रण उलटं फिरवत गेले.
म्हात्रे पुलाच्या तोंडाशी कोबी भरलेला टेम्पो
अर्ध्या वळणात अडकलेला,
कारण पुढच्या रिक्षाला सरकायला जागा नव्हती,
कारण तिच्यापुढे बस आडवी,
आडवी, कारण मागे दांडेकर पुलाचा हिरवा दिवा
तिच्या नाकावर लाल झाला होता
आणि तिथून ती चुकीच्या लोंढ्यात आली.
लाल, कारण ती दोन सेकंद उशिरा पोचली.
दोन सेकंद, कारण पर्वती पायथ्याच्या थांब्यावर
एका बाईची पिशवी दारात अडकली
आणि कंडक्टरनं बेल मारायचा हात
थांबवला.

त्याचा चेहरा चौकटीत येत नाही.
नुसता हात. वर गेलेला.

कुंभोजकर सरांनी नाना पेठेतून
सायकलचे दोन जुने क्रँक आणून एकाला एक जोडले होते.
भिंतीवर खडूची खूण. तिथूनच सोडायचे,
पुन्हा तिथूनच.
पहिले चार झोके सख्ख्या भावांसारखे,
पाचव्याला भावकी.
थेंबे थेंबे तळे साचे, सर म्हणायचे,
हे सरळ रेषेचं गणित, यावर पगार मिळतो.
राईचा पर्वत, हे दुसरं.
म्हणी करणाऱ्याला दोन्ही ठाऊक होती.
कुठली कधी लागू, एवढंच त्यानं सांगितलं नाही.

माझ्या प्रारूपात दोनशे साठ चौक आहेत.
प्रत्येकाला दर तीन मिनिटांनी मी उद्याची संध्याकाळ विचारते.
पहिली वीस मिनिटं ते बरोबर सांगतात,
मग अदबीनं, चढत्या आत्मविश्वासानं चुकतात.
खांबावरची पेटी दशांशाचं एकच स्थळ पाठवते,
बाकीचे आकडे वाटेतच गळतात.
पुणे तिथे काय उणे, विचारतात लोक.
तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात आहे ना,
लहान अक्षरात.

साडेनऊला साहेब डबा खायला गेले.
मी महिन्याभराच्या संध्याकाळी एकावर एक ठेवल्या,
वेग इकडे, गर्दी तिकडे.
एकही रेघ दुसरीवर बसली नाही.
आणि एकही फार लांब गेली नाही.
तीस दिवसांचा सगळा वैताग, शिव्या, हॉर्न,
फुटपाथवर चढलेल्या दुचाक्या
दोन पाकळ्यांच्या आत फिरत होत्या,
या पाकळीतून त्या पाकळीत,
कधी जाणार ते न सांगता.
आजची तुंबलेली रेघही त्यातच होती.
बोट ठेवून शोधावी लागली.

मग अहवाल.
‘कारण’ या शब्दापुढे कर्सर लुकलुकत राहिला.
पिशवी लिहिली तर पिशव्यांवर परिपत्रक निघेल.
हात लिहिला तर कंडक्टरला मेमो,
आणि उद्या पर्वती पायथ्याला
सगळ्या बसची दारं वेळेवर बंद होतील.
त्यानं नळ स्टॉप सुटेल का?
पाचव्या झोक्यानंतर कुणी सांगावं.
मी लिहिलं: निश्चित करता आले नाही.
चौदा वर्षांच्या नोकरीत
इतकं अचूक वाक्य मी लिहिलं नव्हतं.

खाली शिफारस जोडली:
प्रत्येक चौकाच्या प्रत्येक फेरीत
दोन सेकंद कुणालाच देऊ नयेत.
ना हिरव्याला, ना लालला.
नुसते ठेवावेत.

साहेब हात पुसत आले, वाचलं,
म्हणाले, पटवेकर, दिवसाचे हे किती तास होतात
हिशेब केलाय का?
केला होता.
मग हे कुणासाठी?

‘लाभार्थी’ असा एक रकाना आहे अर्जात.
संगणक तो रिकामा घेत नाही.
मी शून्य टाकलं, टिंब दिलं,
आणि पुढे आकडे भरत गेले.
एकानंतरचे तो गाळतो,
माहीत आहे मला.